दारावरचा घण

सिस्टरचा नियम ऐकायला सोपा होता. आधीच्या माणसानं जे सांगितलं, ते पुढच्यानं ‘मी’ म्हणून परत सांगायचं. ज्याचं होतं त्यानं ‘बरोबर’ म्हटलं, की मग आपलं काढायचं. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. वरच्या आळीतही तिनं इंजेक्शनं दिलेली आणि खालच्यातही, त्यामुळे तिच्यापुढे दोन्हीकडची माणसं गुमान बसत.

शाळेच्या वर्गात दहा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. ही चौथी बैठक. दंगलीच्या दिवशी दोन आळ्यांमधलं लोखंडी दार बंद झालं ते तीन वर्षं तसंच होतं. ते कापायचं की ठेवायचं, हे इथे ठरायचं होतं.

वेल्डर वरच्या आळीचा. ते दार त्यानंच वेल्डिंग करून बंद केलं होतं. तेव्हापासून आळीत त्याला चहाचे पैसे कुणी देऊ देत नसे. “दारवाले दादा” म्हणत. तोही खुलून सांगायचा, “घण घालत होते पलीकडून, घण! मी मात्र सांधा जोडत राहिलो.” बायको म्हणायची, “बैठकीतही हेच सांगून या, म्हणजे परत बोलावणार नाहीत.”

आज त्याची खुर्ची इस्त्रीवालीनंतर आली. खालच्या आळीच्या तोंडाशी तिचं दुकान. आधीच्या तिन्ही बैठकांत ती गप्प होती.

“त्या दिवशी दुपारचे अडीच वाजले असतील,” ती म्हणाली. “गडबड अजून बाजारात होती, आमच्याकडे आली नव्हती. ह्यांच्या छातीत कळ आली. दवाखाना दाराच्या पलीकडे, वीस पावलांवर. ह्यांना धरून दाराशी आणलं, तर दार लावलेलं. हाका मारल्या. तिकडे कसला तरी घरघराट चालला होता. हातात इस्त्री तशीच राहिली होती, कोळशाची, जड. तीच आपटली दारावर.”

वेल्डरच्या शेजारी चष्मेवाला बसला होता, त्याच्याच आळीचा. त्यानं जांभई दिली. वेल्डर मात्र पुढे वाकून ऐकत होता.

“मग सांध्यातून ठिणग्या आल्या,” ती म्हणाली. “मला वाटलं, कुणीतरी दार कापतंय आमच्यासाठी. मी ह्यांना म्हटलं, उघडतायत हो, जरा दम धरा. तेच ऐकत गेले ते.”

सिस्टर म्हणाली, “दादा, तुमची पाळी.”

“मी...” वेल्डर म्हणाला. “माझ्या नवऱ्याच्या छातीत कळ आली. मी दाराशी आणलं. माझ्या हातात इस्त्री होती.” त्याचा आवाज त्यालाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. “मी दारावर आपटली. मग ठिणग्या आल्या. मी म्हटलं, उघडतायत.”

“बरोबर,” इस्त्रीवाली म्हणाली.

“आता तुमचं,” सिस्टर म्हणाली.

चष्मेवाल्यानं वेल्डरच्या गुडघ्यावर हात दाबला. “घण म्हण आणि मोकळा हो,” तो कुजबुजला. “उद्या आपल्यालाच तोंड दाखवायचंय आळीत.”

घण म्हणणं सोपं होतं. तीन वर्षांत शंभरदा म्हटलेलं. पण वेल्डरच्या तोंडात जीभ वळेना.

“पलीकडे माणसं किती, मला दिसत नव्हतं,” तो म्हणाला. “आवाज येत होता. मला वाटलं घण आहे, दार फोडतायत. घण नव्हता. ठिणग्या माझ्या होत्या. मी दार बंद करत होतो.”

“अरे, काय बोलतोस हे!” चष्मेवाला उठलाच. “ह्याच्यासाठी आलो आपण?”

“बसा,” सिस्टर म्हणाली. तो उभाच राहिला.

इस्त्रीवाली वेल्डरकडे बघत होती. रडत नव्हती. कपड्यावरचा डाग कशाचा आहे ते बघावं, तशी बघत होती.

“मी मधे थांबले होते,” ती म्हणाली. “हात बदलायला. तेव्हा काय वाटलं तुम्हांला?”

“वाटलं, गेले.”

“आणि परत सुरू झालं तेव्हा?”

वेल्डरनं मान खाली घातली. “तेव्हा मी वेल्डिंगचा खालचा टाका मारला. वरचा आधीच झाला होता. एका टाक्यावर दार धरलं नसतं.”

“म्हणजे मी थांबले तेव्हा ते उघडता आलं असतं?”

“छिन्नीनं. दोन मिनिटांत.”

खालच्या आळीतला एक म्हातारा खुर्ची सरकवून बाहेर गेला. दार लावायचं भानही त्याला राहिलं नाही. सिस्टरनं इस्त्रीवालीच्या खांद्यावर हात ठेवला. “ताई, नियम राहू दे. आज तुम्ही परत सांगायला नको.”

“नको कसं? त्यांनी माझं सांगितलं.” तिनं सिस्टरचा हात बाजूला केला. शब्द एकेक करून आले. “मी दार बंद करत होतो. मला वाटलं घण आहे. आवाज थांबला. मला वाटलं, गेले. आवाज परत आला...” ती थांबली. “आणि मी खालचा टाका मारला.”

चष्मेवाला आता मुकाट्यानं खाली बसला होता.

“बरोबर?” तिनं विचारलं.

वेल्डरनं मान हलवली.

“तोंडानं सांगा,” ती म्हणाली.

“बरोबर,” तो म्हणाला.