धुतलेली झडप

"झडप हातात आली की आधी कानाशी ने आणि हलव. वाजली तर जिवंत. मुकी असेल तर फेकून दे, तिची आरती ओवाळत बसू नको."

अण्णांचा हा आवाज त्या दुपारी माझ्या कानात होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या आवाजाचा राग येत होता. अण्णा म्हणजे माझे वडील. गॅरेज त्यांचं, मी ज्या गाडीच्या बॉनेटखाली वाकले होते ती गाडीही त्यांचीच. ते गेल्यावर दोन्हींचा ताबा दादाकडे आला. वर राहायच्या खोल्या, खाली गॅरेज, आणि मध्ये लोखंडी जिना. वर दादाची बायको, माझी वहिनी, मनगटाला ओला टॉवेल गुंडाळून बसली होती. सकाळी दादाने तिचा हात चौकटीवर धरला आणि दार लोटलं. साखर संपल्याचं तिने आदल्या दिवशी सांगितलं नाही, एवढंच निमित्त.

झडप म्हणजे अंगठ्याएवढी चीज. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणात, रबरी बुशात खोचलेली असते. इंजिन चालताना पोटात वाफा कोंडतात, त्या तिच्यातून बाहेर पडतात. दुकानदार कागदात गुंडाळून अशीच हातावर ठेवतो, इतकी स्वस्त. पण ती नीट चालली नाही तर आतला कोंडमारा वाढतो आणि इंजिन जिथे पॅकिंग कच्चं सापडेल तिथून ऑइल फेकतं.

दादा नवी झडप कधी घालायचाच नाही. जुनी काढायची, पेट्रोलमध्ये बुचकळायची, फुंकर मारायची आणि गिऱ्हाइकाच्या कानाशी नेऊन खुळखुळ वाजवायची. "ऐका! टुणटुणीत आहे. अजून नातवंडं बघेल." अण्णांचाच नियम तो वापरायचा. पण पेट्रोलने धुतली की मेलेली झडपसुद्धा वाजते. आतली स्प्रिंग गळाठलेली असते, हे आवाजात कळत नाही. अण्णांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी धुतलेली झडप पुन्हा कधी बसवलीच नव्हती.

आमच्या घरात माणसांनाही हाच नियम होता. दादा लहानपणापासून आरडाओरडा करायचा, भांडी आपटायचा. "ओरडतो तेवढाच, मनात काही नाही त्याच्या," असं अण्णा म्हणायचे, शेजारी म्हणायचे, बरीच वर्षं मीही म्हणायचे. वहिनींच्या पाठीवर त्या 'काही नाही'चे वळ असायचे.

मागे एकदा आम्ही दोघी निघालो होतो. डोंगरापलीकडच्या गावात वहिनींची बहीण राहते, तिच्याकडे. स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर दादाचे, तिथून गाडीत बसणं म्हणजे त्यालाच निरोप धाडणं. म्हणून अण्णांची गाडी काढली. चढावर अर्ध्यात इंजिनाने ऑइल ओकलं, धूर झाला, गाडी थांबली. वरून एक टॅक्सी उतरत होती. तिचा ड्रायव्हर ओळखीचा, तोंडाचा पट्टा कायम चालू असतो म्हणून त्याला सगळे बडबड्या म्हणतात. त्याने मदत करायची म्हणून दादालाच फोन केला. दादा टोचनगाडी घेऊन आला. एक शब्द बोलला नाही. आम्हाला गाडीतच बसू दिलं आणि साखळी लावून घरापर्यंत ओढत आणलं. मग शटर खाली ओढलं, मला हत्यारांच्या खोलीत कोंडलं, आणि मी दारापलीकडून सगळं ऐकलं. दार उघडलं तेव्हा वहिनी फरशीवर हात फिरवून स्वतःचा दात शोधत होती.

तिचं तोंड धुताना मी शब्द दिला होता. "वहिनी, पुढच्या वेळी गाडी मध्ये थांबणार नाही. तुमच्या बहिणीच्या दारात उतरवीन."

त्या गाडीतही धुतलेलीच झडप होती.

त्या दुपारी दादा एक बंद पडलेली गाडी आणायला गेला होता. मी देवाचं नाव घेऊन पाइपाची चिमट काढली. पाइप कडक झाला होता, तरी तडकला नाही. झडप पिरगाळून वर ओढली, तर जुना रबरी बुश बिस्किटासारखा भुगा होऊ लागला. एक तुकडा जरी इंजिनात पडला असता तरी नवं दुखणं. मी पक्कड टाकली आणि चिमट्याने एकेक तुकडा वेचला. खाली बघत होते, कान मात्र रस्त्याकडे. नवा बुश ऑइलचा हात लावून बसवला, नवी झडप दाबली, पाइप चढवला.

मग गाडी चालू केली. ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून त्यावर कागदाचा कपटा ठेवला. आत कोंडमारा असेल तर कपटा उडतो. तो उडाला नाही. आत ओढला गेला आणि तोंडाला चिकटून बसला.

"वन्सं, झालं?" जिन्याच्या वरच्या पायरीवर वहिनी उभी होती. चांगल्या हातात पिशवी.

"झालं. या खाली."

मी झाकण लावलं तेवढ्यात बाहेर साखळीचा खळखळाट झाला. वहिनी आली तशी पायऱ्या मागे चढली.

टोचनगाडीमागे बडबड्याची टॅक्सी होती, आणि त्याचं तोंड टॅक्सीच्याही आधी आत आलं. "शेठ, ही टॅक्सी आहे की तेलाची घाणी? पॅकिंग बदललं, तेल गळतंय. सील बदललं, तेल गळतंय. आता काय माझं कातडं लावणार? अण्णा असते तर—"

"अण्णा मेले," दादा म्हणाला. "तुलाही जायचंय का?"

"जायला टॅक्सी तर पाहिजे!" बडबड्या हसला. मग त्याला मी दिसले, चालू इंजिन दिसलं, आणि त्याचं हसू तिथेच विरलं.

दादा जवळ आला. इंजिनाकडे बघितलं, नव्या काळ्याभोर बुशाकडे बघितलं. "ही गाडी कुठे निघाली?"

"कुठे नाही. ऑइल गळत होतं, म्हणून झडप बदलली. बदलायला झालीच होती."

"जुनी वाजत नव्हती?"

"वाजत होती."

"मग?"

"वाजणारी सगळीच चालते असं नाही, दादा."

"वा. देवाची पोथी वाचता वाचता इंजिनाचीपण वाचायला लागली वाटतं." हे तो ओरडून म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. पण आवाज अगदी खाली होता. त्याने बाकावरचं फडकं उचललं आणि उजव्या मुठीला गुंडाळायला सुरुवात केली. मारताना बोटांची हाडं दुखतात म्हणून तो असं करायचा. वहिनींच्या अंगावर त्यामुळे कधी कधी ग्रीसचे डाग दिसायचे.

"शेठ, राहू द्या, बहीण आहे..." बडबड्या म्हणाला.

पहिला ठोसा माझ्या कानशिलावर बसला. दुसरा पोटात. मी बॉनेटच्या कडेवर आपटले आणि भुवई फुटली. रक्त गरम लागतं हे माहीत होतं, पण डोळ्यात गेलं की जग लाल न होता काळं होतं, हे त्या दिवशी कळलं. त्याने माझे केस धरून डोकं पुन्हा कडेवर आणलं. "कुठे निघाली होतीस? बोल! तिला घेऊन निघाली होतीस ना?"

"हो," मी म्हणाले.

त्याने हात वर उचलला, आणि त्याच वेळी त्याच्या खांद्यावर लोखंड बसल्याचा आवाज झाला. वहिनी. पिशवी जिन्यात टाकून अनवाणी खाली आली होती. एका हाताने जॅकचा दांडा पेलत नव्हता, तरी तिने तो फिरवला होता. दादा वळला. तिने दुसऱ्यांदा उचलायच्या आत त्याने दांडा हिसकून फेकला आणि तिच्या छातीत लाथ घातली. ती टायरांच्या ढिगावर कोसळली. बडबड्याने त्याला मागून धरायला पाहिलं, तर त्याच्या नाकावर कोपर बसलं आणि तो जागीच गुडघ्यांवर बसला.

"गाडी पाहिजे काय! गाडी!" आता तो ओरडत होता. चालू इंजिनात हात घालून त्याने माझी नवी झडप पाइपासकट उपटली. इंजिन अडखळलं, घरघरलं. तेवढ्यावर त्याचं भागलं नाही. पलीकडचा पाइप धरायला त्याने हात पुढे घातला, आणि मुठीवरच्या फडक्याचं सुटलेलं टोक पंख्याच्या पट्ट्यात गेलं.

पट्टा कुणाला ओळखत नाही. त्याने फडकं ओढलं, फडक्याने मूठ ओढली. कपडा फाटल्यासारखा आवाज झाला, मग ओली फांदी मोडल्यासारखा. मी रांगत गेले आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

दादाची दोन बोटं पट्ट्याच्या पुलीखाली होती. बाकीचा हात त्याने दुसऱ्या हाताने छातीशी धरला होता आणि तो अण्णांना हाका मारत होता. आधी 'अण्णा', मग 'आई गं', मग एकदम वहिनींचं नाव. हे नाव मी त्याच्या तोंडून ऐकून किती काळ लोटला होता कोण जाणे. एरवी ती 'ए' असायची.

मी ओढणी फाडली, मनगटावर आवळून बांधली, हात वर धरायला लावला. बोटं स्वच्छ फडक्यात घेतली. माझे हात हे सगळं करत होते, आणि मी मनात जप करत होते. बडबड्याला म्हणाले, "दवाखान्यात न्या ह्याला. टोचनगाडी घ्या. साखळी सोडा आधी."

तो नाकातलं रक्त पुसत उठला आणि साखळी सोडायला धावला.

दादा भिंतीला टेकून बसला होता, पांढराफटक. "तुला हात लावणार नाही गं पुन्हा," तो वहिनींना म्हणाला. "अण्णांची शपथ. बघ, हात राहिलाय का आता लावायला?" आणि तो खरंच हसला. रडता रडता हसला. लहानपणी झाडावरून पडल्यावर असाच हसायचा.

वहिनी टायरांवरून उठली. फासळीवर हात दाबत त्याच्याजवळ गेली आणि पदराने त्याचा घाम पुसला.

"वन्सं," ती म्हणाली, "ह्यांना असं टाकून कसं जाऊ? दवाखान्यात कुणी नको का? लोक काय म्हणतील? बरे झाले की बघू."

इतका वेळ मला झडपेची भीती होती, चढाची होती, दादाच्या मुठीची होती. ह्या वाक्याची भीती बाळगायचं मी विसरले होते. तिला ओढून गाडीत घालणं म्हणजे मीही तिला साखळी लावल्यासारखंच झालं असतं.

"तुमची इच्छा," मी म्हणाले. "दिलेला शब्द मी मागे घेत नाही. पण जायचं तुम्हाला आहे."

बडबड्याने टोचनगाडीचं दार उघडलं. आम्ही दोघांनी मिळून दादाला वर चढवलं. वहिनी त्याच्या मागून चढायला गेली, पायरीवर पाय ठेवला, मग जिन्यात पडलेल्या पिशवीकडे एकदा वळून बघितलं.

तेवढं बघणं दादाला दिसलं. त्याने खाली वाकून चांगला हात टाकला आणि तिचं मनगट धरलं. तेच, सकाळचं. टॉवेलसकट.

"चल म्हटलं ना."

वहिनींच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्या दिवशी दारापलीकडूनही ऐकला नव्हता. दादाला तो ऐकूच आला नाही. त्याने पकड घट्ट केली. अंगातलं रक्त चाललं होतं, तोंडावर घाम होता, शपथ अजून ओठांवर ओली होती, आणि हाताला मात्र दुखरी जागा बरोबर सापडली होती.

"सोड," मी म्हणाले. माझा आवाज मुळात लहान. तेवढाच निघाला. मग मी त्याची बोटं एकेक करून उलगडायला लागले. करंगळी उलट वाकवली तेव्हा तो मला शिवी देऊन थुंकला. बडबड्याने पलीकडून त्याला कमरेला धरून आत ओढलं, तेव्हा कुठे ते मनगट सुटलं.

वहिनी दोन पावलं मागे सरली. रडली नाही. हात पोटाशी घेऊन फक्त म्हणाली, "तुम्ही न्या ह्यांना, भाऊ. मी येत नाही."

बडबड्या गाडीत बसला. काच खाली करून त्याने माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि त्याच्या आयुष्यात कदाचित पहिल्यांदा त्याला शब्द शोधावे लागले. "आणि तुम्ही, ताई?"

"आम्ही येतो मागून."

त्याची नजर पिशवीवर गेली. "या मागून," तो म्हणाला. "घाई करू नका. तिकडे मी आहे. आणि मी आज कुणाला फोन करत नाही. त्या दिवशी केला, तो पुरे झाला."

टोचनगाडी गेली. मी पट्टा पुसला. पाण्याने नाही, फडक्याने, कोपऱ्याकोपऱ्यातून. झडप पाइपाला तशीच लोंबत होती, तिला काही झालं नव्हतं. ती बुशात दाबली, चिमट चढवली, बॉनेट हलक्या हाताने बंद केलं. वहिनी पिशवी घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसली होती. तिच्या बाजूचा पट्टा मी लावून दिला, कारण तिला एका हाताने जमत नव्हतं. माझी भुवई अजून ठिबकत होती, तिने पदराचं टोक तिथे दाबून धरलं.

"वाटेत हात दाखवू डॉक्टरला," मी म्हणाले. "पण डोंगर ओलांडल्यावर."

"चालेल."

मी किल्ली फिरवली, हॉर्न न वाजवता गाडी रस्त्यावर घेतली, आणि चढाच्या दिशेने वळवली.