मच्छिंद्रचं मत

सुट्टीवर जाणारा माणूस कधी एकटा जात नाही, बघा. कतारमधल्या बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत, त्या खोलीत सहा जण, सगळे एकाच गावचे. एक गावाला निघाला की बाकीच्यांची कामं त्याच्या बॅगेत. कुणाच्या आईचा चष्मा, कुणाच्या पोरीचा मोबाइल. येताना चटण्या आणि निरोप. तशी रीतच पडलेली.

म्हणून किसन निघाला तेव्हा मच्छिंद्रनं आपलं मतसुद्धा त्याच्याबरोबर धाडलं. लिहून दिलं, की सभेत माझ्या वतीनं हात हा वर करील.

मत घराचं होतं. गावच्या माळावर ह्या लोकांनी मिळून ट्रस्ट काढलेला. जमीन कायम ट्रस्टची, वरचं घर ज्याचं त्याचं, आणि विकायचंच झालं तर स्वस्तात, गरजवंतालाच. ह्या अटीवर सरकारनं अनुदान दिलं, मुद्रांक शुल्क माफ केलं, पंचायतीनं घरपट्टी निम्म्यावर आणली. नाहीतर फरशी बसवणाऱ्याला घर कुठलं परवडतंय? मच्छिंद्र हातानं लुसैलच्या टॉवरात फरशी बसवायचा आणि डोक्यात माळावरची पडवी सारवायचा. जोतं झालं होतं, चौकट उभी होती.

शुक्रवारी किसन परतला. बॅग उघडली.

"घे रं मच्छ्या, वहिनीनं लसणाची चटणी दिलीय."

"सभा झाली का?"

"झाली की. खलास. तू आधी जेव."

तेवढ्यात बबीताचा, मच्छिंद्रच्या बायकोचा व्हिडिओ कॉल. "अहो, माळावर मोजणीवाले आलेत. आपल्या जोत्यावरनं चुना टाकतायत. म्हणतात, ट्रस्ट मोडला, जागा बिल्डरला गेली."

मच्छिंद्र हसला. "येडी का काय! ट्रस्ट मोडायला सगळ्या सभासदांची मतं लागतात. माझं मत हाय त्यात."

"तुमच्याच मतानं मोडलाय."

किसन बॅगेची चेन उगाच मागंपुढं करत बसला.

"किसन्या?"

"ऐक तर. सरकारची सवलत सगळी बिल्डर परत भरतोय. आपलं टाकलेलं आपल्याला मिळतंय. पायाखालची माती आपली नाही, ते घर कसलं रं?"

"तुला काय मिळालं?"

"रस्त्याला एक गाळा. बारकाच हाय."

"तुझा बाप गेला तवा तू इथं होतास. तुझ्या जागी खांदा मी दिला, भाड्या!"

"म्हणून तर तुझे पैसे पहिले मागून घेतले!"

मच्छिंद्र फोन घेऊन बाहेर उन्हात आला.

"रडू नको बबे. मी येतो. तोवर दुसऱ्या कुणाला तरी सांगतो बघायला..."

"सभा कुठं झाली ठाऊक हाय? आपल्याच जोत्यावर. चहा मी केला सगळ्यांना. किसनभावजींनी तुमच्या नावानं हात वर केला, तवा मी किटली घेऊन शेजारी उभी. वाटलं, तुम्हीच सांगितलं असंल. मी इथं होते ना हो. मत माझ्याकडं का नाही दिलं?"

मच्छिंद्रनं कारण शोधलं. एकही नव्हतं.

"सुचलंच नाही गं."

"सुचलं नाही," बबीता म्हणाली.

तिनं फोन बंद केला नाही. तसाच जोत्यावर उताणा टाकला आणि निघाली. मच्छिंद्रला नुसतं गावचं आभाळ दिसत होतं, आणि तिचा आवाज लांब लांब जात होता. "ओ दादा, ती टेप उचला आधी. उचला म्हणते ना!"