वेगळे शब्द सात

आमच्या बाबांना अख्खं बसस्थानक भोंगा म्हणायचं. एकतीस वर्षं तिथल्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी गाड्या पुकारल्या. घरी आले तरी तोंडाचा पट्टा चालूच. आई म्हणायची, "यांना बंद करायचं बटण असतं, तर मी ते सोन्याने मढवलं असतं." आई गेली आणि दोन वर्षांत बाबांचं बोलणं आटत गेलं. मला ते लवकर कळलं नाही, याचा मला अजून राग येतो.

मी चष्म्याच्या दुकानात होते. दुकान बंद पडलं, म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी प्रोग्रामिंगच्या वर्गात नाव घातलं. सर माझ्या भाचीच्या वयाचे. दोन आठवडे सगळं डोक्यावरून गेलं. मग सोपे धडे आले. एक ओळ घ्या, तिच्यातले शब्द मोजा. शब्दांची सरासरी लांबी काढा. तोच शब्द पुन्हा आला तर एकदाच धरा. पुस्तकातली वाक्यं अगदीच मिळमिळीत, म्हणून सकाळच्या चहाला बाबा जे बोलतील ते मी वहीत टिपायला आणि टाइप करायला लागले.

पहिल्या दिवशी वेगळे शब्द त्रेसष्ट आले. महिन्याने एकेचाळीस, आणखी महिन्याने एकोणीस. माझंच काहीतरी चुकत असणार, म्हणून प्रोग्राम सरांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला.

"ताई, बरोबर आहे की. फक्त रिकामी ओळ देऊन बघा. शब्द शून्य, मग सरासरी काढताना भागणार कशाने?"

"आमच्या घरात रिकामी ओळ? सर, तुम्ही आमच्या बाबांना ऐकलेलं नाही."

मी हसले, पण प्रोग्राम बरोबर म्हणजे आकडेही खरेच होते. दुसऱ्या दिवशी बाबांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हे आता थांबणार नाही, बोलणं कमीच होत जाईल. तेव्हा मला एकच हवं होतं. बाबा बोलताहेत तोवर दादाने एकदा यावं.

दादा परगावी. दुरून डोंगर साजरे. "अगं, वय झालं की माणूस कमी बोलतो," तो म्हणाला. "माझ्याशी तर दर रविवारी फोनवर छान बोलतात. तुला ना, सगळीकडे खोटच दिसते. येतो पुढच्या महिन्यात." मी भांडले, रडले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी चार रविवार फोनजवळ बसून बाबांचं बोलणं उतरवलं, प्रोग्रामला दिलं आणि उत्तर दादाला पाठवलं. एकूण शब्द अठ्ठावीस. वेगळे शब्द सात. खाली ते सातही: बरं, आहे, जेवलो, तू, कसा, आहेस, ठेवतो.

त्याचा फोन आला नाही. तीन दिवसांनी, सकाळी, बॅग घेऊन तोच दारात उभा.

चहा केला. दादा बाबांच्या समोर बसला. "बाबा, मी आलोय." बाबा त्याच्या शर्टाच्या बटणांकडे बघत राहिले. दादाने बसस्थानकाच्या गोष्टी काढल्या, आईच्या काढल्या, लहानपणी खाल्लेल्या माराच्याही काढल्या. चहावर साय धरली. बाबांनी कप उचलला, ठेवला. बोलले काहीच नाहीत. आदल्या दिवशी चार शब्द तरी होते.

"आज किती भरले?" दादाने माझ्याकडे न बघता विचारलं.

वहीत लिहिलेलं काही नव्हतं. मी नुसतंच एंटर दाबलं. प्रोग्राम बंद पडला. शून्याने भागता येत नाही, असं काहीतरी लाल अक्षरांत आलं.

"बिघडला का गं?"

"नाही. माझीच चूक आहे. सरांनी सांगितलं होतं."

दुरुस्ती एका अटीची होती. ओळ रिकामी आली तर भागाकार करायचा नाही, परत विचारायचं. ती मला पहिल्यापासून लिहिता येत होती, लिहावीशी वाटली नव्हती. आता लिहिली. दादा माझ्या खांद्यावरून वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने आपली खुर्ची बाबांच्या गुडघ्याला लागेल इतकी पुढे ओढली.

"बाबा, मी आलोय," तो म्हणाला.

थोडा वेळ थांबला, आणि परत म्हणाला.