मच्छीगरुडाची परीक्षा

आमच्या चेम्बे गावात पाहुण्यांना मलावी सरोवरावर फिरवणारे बत्तीस वाटाडे आहेत, आणि बत्तीसच्या बत्तीस पुरुष. तेहतिसावी व्हायचं म्हणून मी दोन वर्षं जिवाचा आटापिटा केला. वाटाड्यांच्या संघाचा बिल्ला असल्याशिवाय कुणाला पाण्यावर नेता येत नाही आणि बिल्ल्याची परीक्षा वर्षातून एकदाच असते. आई तर पहिल्या दिवसापासून विरोधात. "टियामिके, बाईमाणसाने ओल्या कपड्यांत परक्यांबरोबर हिंडायचं? वर शिट्ट्या मारायच्या?" हे मी रोज जेवताना ऐकायचे.

परीक्षेत तीन गोष्टी असतात. पाहुण्यांना कयाक वल्हवत बेटापर्यंत न्यायचं, पाण्याखालचे निळे-पिवळे मासे दाखवायचे आणि शेवटी शिट्टी मारून मच्छीगरुडाला बोलवायचं. संघाचे अध्यक्ष चिसाले काका वही घेऊन मागून होडीतून येतात. यंदा माझ्या वाट्याला एक डच जोडपं आलं. बाईने बेटापर्यंत सात वेळा विचारलं, "इथे मगरी आहेत का?" नवऱ्याला मी तीनदा बजावलं, कयाकमध्ये उभं राहू नका. फोटो काढायला पठ्ठ्या उभा राहिलाच आणि गेला उलटा. काकांनी वहीत काहीतरी लिहिलं. आता मी काय त्याची चड्डी धरून बसू?

तरी मासे छान दिसले. बाई मगरी विसरून पाण्यातच रमली, तिला वर काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. दुपारचा वारा सुटायच्या आत आम्ही पश्चिमेच्या खडकांपाशी आलो. उंबरावर माझा गरुड बसलेला होताच. मी दोन वर्षं त्याला या शिट्टीची सवय लावली होती.

माशाच्या तोंडात लव्हाळ्याची काडी खोचली की मासा तरंगतो. मी तसा मासा हवेत धरला, शिट्टी मारली आणि फेकला. गरुडाने मान वाकडी करून बघितलं. बस्स. दुसरा मासा फेकला, तर तो पंख साफ करायला लागला. तिसऱ्याला त्याने पाठ फिरवली. शिट्टी मारून मारून माझे ओठ सुकले, डच माणूस कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळला आणि माझे तीन मासे तिथेच डुलत राहिले. मग माझं लक्ष गेलं. गरुडाच्या गळ्याखालची पिशवी टम्म फुगली होती. कुणीतरी त्याला आधीच पोटभर खाऊ घातलं होतं.

"शिट्टी चांगली आहे, मुली," काका म्हणाले. "पण पाहुणे शिट्टी बघायला येत नाहीत. पुढच्या वर्षी बघू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काठावर उतरले ती थेट विलार्डच्या दारात. बत्तिसांतल्याच या विलार्डने सगळ्या गावासमोर सांगितलं होतं, की बाईच्या हातून गरुड मासा घेणार नाही.

"माझ्या गरुडाला तूच खाऊ घातलंस ना रे, मेल्या?"

"ए, काय बडबडतेस? मी आत्ता उठतोय. तोंडसुद्धा धुतलं नाहीये, बघ!"

खरंच, त्याच्या गालावर चटईचे वळ होते. मी माफीसुद्धा मागितली नाही. तशीच घरी आले.

आई चुलीपाशी मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळत होती. सणाला काढते ते नवं लुगडं कमरेला गुंडाळलेलं.

"काय गं, कसा वागला?" तिने विचारलं.

"कोण?"

"तुझा पक्षी. उजाडायच्या आधीच मी खडकांवर जाऊन आले. चार मासे घातले त्याला. म्हटलं, परक्यांसमोर उपाशासारखी झडप घालायला नको. दुसऱ्याकडे न्यायचं असलं की लेकरांना आपण घरूनच जेवू घालून नेतो, तसंच. आणि काडीसुद्धा खोचली हो, तू खोचतेस तश्शी."

मी दाराशीच बसले. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. दोन वर्षं ही बाई माझ्याकडे पाठ करून बसत होती असं मला वाटायचं, आणि काडी कशी खोचायची ते हिला पाठ होतं. तिचा गुडघा सुजलेला दिसत होता. त्या खडकांवर शेवाळ असतं.

"अगं बोल की! शहाण्यासारखा बसला ना?"

"बसला. अगदी शहाण्यासारखा."

"मग बिल्ला?"

"पुढच्या वर्षी."

तिचा हात थांबला. चेहरा पडला. "म्हणजे मीच कमी घातले का गं? घरात अजून दोन होते, उगाच तुझ्या जेवणाला ठेवले."

मी उठून तिच्या हातातली पळी घेतली.

"नाही गं आई," मी म्हटलं, "मासे पुरले."