हेडविगचा जाड कोट

चाळीस वर्षांनी हॅम्बर्गहून हेडविगचा फोन आला. "आलोइस, ल्युसर्नला कधी येऊ? काय आणू?"

'कायमचीच ये' म्हणायचं धाडस मला तेव्हाही नव्हतं, आताही झालं नाही.

"ऑक्टोबरात ये. दक्षिणेचा गरम वारा सुटला, की पिलाटस डोंगर सरोवराचं पाणी प्यायला थेट माझ्या होडीशी येतो. पातळ स्वेटर पुरे. नोव्हेंबरात मात्र नको. धुकं इतकं दाटतं, की गेल्या वर्षी त्यावरूनच वल्हवत मी शिखरावर पोचलो."

"मेल्या, अजून थापाच मारतोस!"

ऑक्टोबरात ती आली. स्वच्छ हवेत डोंगर खरंच हाताशी आला होता. तिच्या बॅगेतून मात्र जाड कोट, लोकरी मोजे, बर्फातले बूट निघाले.

"अगं, एवढं कशाला?"

"नोव्हेंबरात शिखरावर एकटाच जाणार होतास?"

मी होडीत दुसरी वल्ही ठेवली.