नादमहाराजांची तबकडी

नाट्यगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर दोन स्पीकर, मध्ये तांब्याची तबकडी हातात धरून नादमहाराज आणि समोर माना डोलावणारे शहरभरचे वादक. महाराजांनी आधी कॉम्प्युटरमधला ट्रम्पेट ऐकवला. "हे मेलेले सूर. यांत प्राण नाही," ते म्हणाले. मग डोळे मिटून त्यांनी तबकडी स्पीकरवर ठेवली, तोच तुकडा पुन्हा लागला आणि सभागृह शहारलं. तांब्यातला विश्वनाद ट्रम्पेटच्या पितळेला हाक मारतो, असा महाराजांनी खुलासा केला. पितळेत तांबं असतं, एवढ्या भांडवलावर माणूस केवढं दुकान थाटतो!

पहिल्या रांगेत थोरले साडू हात जोडून बसले होते. भक्तीपेक्षा त्यात जळफळाटच जास्त होता. दोघा साडूंचा धंदा एकच. खऱ्या वादकांचे एकेक सूर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये भरलेले असतात. ते जुळवून घरबसल्या नाटकांना अख्खा वाद्यवृंद पुरवायचा. थोरल्यांची व्हायोलिनं गोड, पण ट्रम्पेट म्हणजे जत्रेतल्या पिपाण्या. धाकट्याचे ट्रम्पेट अंगावर काटा आणायचे. एका मोठ्या नाटकाचं काम दोघांपैकी एकालाच मिळणार होतं आणि दिग्दर्शिका दुसऱ्याच दिवशी दोघांचे नमुने ऐकणार होती. त्यातच थोरल्यांना धाकट्याच्या टेबलावर अशीच तबकडी दिसली होती. म्हणजे मेहुणीच्या नवऱ्यात काही नाही, सगळं तबकडीत आहे! या विचारानं त्यांना कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली होती.

शेजारी त्यांची बायको होती, कानाची डॉक्टर. ती महाराजांकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष कोपऱ्यात आवाजाच्या मशीनपाशी बसलेल्या शिष्याच्या हातांवर होतं. महाराजांनी हवा त्यानं आपला तुकडा आणावा म्हटल्यावर थोरले आपला ट्रम्पेटचा तुकडा घेऊन मंचावर निघाले, तशी तीही मागोमाग गेली आणि तिनं शिष्याला खुर्चीवरून उठवलं.

"महाराज, तबकडी खुशाल ठेवा. फक्त आवाजाच्या बटणावर हात माझा राहील."

तबकडी ठेवली गेली. पिपाण्या पिपाण्याच राहिल्या. संशयाची कंपनं आडवी येतात, असं महाराज पुटपुटले.

"बरं, मग आता तबकडी खिशात ठेवा," ती म्हणाली आणि तोच तुकडा पुन्हा लावून तिनं बटण जरासं फिरवलं. सभागृह पुन्हा शहारलं.

मग तिनं साध्या शब्दांत सांगितलं: आवाज किंचित वाढवला तर तो वाढलाय हे कानाला कळत नाही, तो भरदार झाला असंच वाटतं. शिष्य तेवढंच करत होता. एकेक जण हसायला लागला आणि महाराज तबकडीसकट मागच्या दारानं सटकले.

बायको खुशीत होती. थोरल्यांनी मात्र पुढचा हिशेब मांडला. तबकडी खोटी, तर धाकटा खरा. ते तसेच त्याच्या घरी गेले. तबकडी चहाच्या कपावर झाकण म्हणून ठेवलेली होती. महाराजांनी जाहिरातीसाठी फुकट दिली होती म्हणे. इतक्या वर्षांत न विचारलेला प्रश्न थोरल्यांनी कसाबसा विचारला. "तुझे ट्रम्पेट असे कसे वाजतात रे?"

"दादा, तुम्ही हळू फुंकलेला सूर घेता आणि आवाज वाढवता. कुजबुज कितीही मोठी केली तरी ती आरोळी होते का? जोरात फुंकलं की ट्रम्पेटच्या आवाजाचा रंगच बदलतो. तो सूर घ्यायचा आणि मग आवाज उतरवायचा. आणि ट्रम्पेट एक असेल तर जोडीला मऊ आवाजाचे हॉर्न, ती गोल वळणाची पितळी वाद्यं, दोन ठेवायचे, नाहीतर तो त्यांना गिळतो. मी वर्षभर बँडच्या तालमीत बसून हे शिकलो."

म्हणजे तो शिष्य मंचावर जे करत होता, तेच थोरले इतकी वर्षं घरी करत होते, आणि स्वतःच फसत होते.

नाटक धाकट्यालाच मिळालं. थोरल्यांचा जळफळाट काही गेला नाही, पण आता ते तालमींना जाऊन बसतात. जळणाऱ्या माणसाला चमत्कार फार सोयीचा असतो, कारण त्यात कुणी आपल्यापेक्षा सरस ठरत नाही. म्हणून कुणाचं यश पाहून दैवी कारणं सुचायला लागली, की सरळ त्यालाच विचारावं, कसं केलंस? उत्तर कडू लागेल, पण त्यातून शिकता येतं. तबकडीकडून आजवर कुणी काही शिकलेलं नाही.