घरचं सॅम्पल

मशीनने आकडा दिलाच नाही. पांढऱ्या पेशींच्या रकान्यात अधिकची चार चिन्हं उमटली आणि मशीन तीनदा बारीक वाजलं. मोजणी आवाक्याबाहेर गेली की असं होतं. वर्षातून दोन-तीनदा होतंच, आणि निम्म्या वेळा नळीत गुठळी असते नाहीतर मशीनचं तोंड तुंबलेलं असतं. त्याने नळी हलक्या हाताने वरखाली केली आणि पुन्हा लावली. पुन्हा चार चिन्हं. तिसऱ्यांदा लावण्याआधी त्याने सवयीने नळीवरचं लेबल पडद्यावरच्या नावाशी ताडून पाहिलं. स्त्री, वय सत्तेचाळीस. आडनाव त्याचंच होतं. पुढचं नाव त्याच्या बायकोचं.

एका नावाच्या दोन बायका असू शकतात, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग खालचा फोन नंबर वाचला. तो घरचा होता.

तो बाहेर काउंटरवर गेला. तिथल्या मुलीने सांगितलं की काकू सकाळीच आल्या होत्या, नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. रांगेत बसल्या, नंबर आल्यावर रक्त दिलं आणि गेल्या.

"मी म्हटलं काकांना बोलावते, तर नको म्हणाल्या. तुमचं काम चालू असेल म्हणाल्या."

त्याने काच तयार केली, रंगवली आणि लॅबच्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. स्वतः पाहिली नाही. बाईंनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला नाही. मग दार लोटून घेतलं आणि त्याला बसायला सांगितलं. सव्वीस वर्षांत त्या खोलीत तो कधी बसला नव्हता. नमुने द्यायचे, अहवाल न्यायचे, एवढाच त्याचा तिथला वावर.

रक्ताचा कर्करोग असावा, आजच मोठ्या दवाखान्यात न्या, असं बाईंनी सरळ सांगितलं. मग कागद पुढे ओढून विचारलं, "याआधी रक्त कधी केलं होतं?"

खरं सांगायला तीन शब्द पुरले असते.

"अडीच महिन्यांपूर्वी," तो म्हणाला. "घरचं सॅम्पल म्हणून. नॉर्मल होतं."

बाईंनी ते लिहून घेतलं.

*

घरचं सॅम्पल हा लॅबमधला जुना रिवाज होता. कामाला असलेल्या कुणाची आई, कुणाचा मेहुणा, कुणाचे शेजारी, यांचं रक्त घरून नळीत घालून आणायचं, नळीवर पेन्सिलीने 'घर' असं लिहायचं आणि सगळ्यांचं आटोपलं की शेवटी मशीनला लावायचं. नोंद नाही, नंबर नाही. तो मात्र अहवाल रीतसर छापून घ्यायचा. महत्त्वाच्या आकड्याखाली लाल पेनाने रेघ मारायचा, कागदाची चौघडी करून शर्टाच्या खिशातून घरी न्यायचा. स्वयंपाकघरातल्या एका खणात असे कागद साठले होते. सासूबाईंची साखर, मुलीचा टायफॉइड, खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं क्रिएटिनिन. बायको त्या खणाला 'यांचं साहित्य' म्हणायची.

मग एका मोठ्या कंपनीने लॅब विकत घेतली. प्रत्येक नळीला बारकोड आला. बिननंबरी नळी लावायची तर मॅनेजरची लेखी परवानगी लागायला लागली. भिंतीवर मोठा पडदा बसला. त्यावर प्रत्येक नमुन्याची मिनिटं मोजली जायची आणि वेळ उलटली की ओळ लाल व्हायची. आधी दिवसाला दोनशे नळ्या असायच्या, त्या पाचशे झाल्या. माणसं होती तेवढीच राहिली, नंतर एक जण कमी झाला.

पन्नाशी उलटल्यावर त्याची छाती धडधडायला लागली. लेबल एकदा वाचून भागेना, तीनदा वाचावं लागायचं. घरी जायला निघाला की अर्ध्या वाटेवरून फ्रिजचं दार नीट लागलंय का ते बघायला परत यायचा. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, रजा घ्या, नाहीतर नोकरी बदला. या वयात कुठली नोकरी बदलायची ते त्यांनी सांगितलं नाही.

बायकोने त्या धडधडीला नाव ठेवलं होतं. तो घरात शिरला आणि चपला न काढता नुसता उभा राहिला की ती म्हणायची, "आज पाहुणे बरोबर आणलेत वाटतं." मग ती त्याला खिडकीशी बसवायची आणि गज मोठ्याने मोजायला लावायची. अकरा गज होते. चार-पाचदा मोजले की पाहुणे उठायचे.

सात महिने घरात दुसरा विषय नव्हता. नोकरी सोडू का, नको सोडू. जेवताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. तिने एकदाही कंटाळा दाखवला नाही. उलट एके दिवशी त्याचा राजीनामा तिनेच लिहून काढला. त्याचा हात कापायचा आणि तिचं अक्षर चांगलं होतं.

"तारीख आणि सही तेवढी तुमची," ती म्हणाली. "आणि उगाच माझ्याकडे बघून ठरवू नका. मी दोन्हीकडून राजी आहे."

तो कागदही खणात गेला.

या सात महिन्यांत जिना चढताना आपल्याला मध्येच थांबावं लागतं हे तिने एकदा सांगितलं, फार तर दोनदा. मग एका सोमवारी, तो डबा भरून निघायच्या बेतात असताना, तिने बाही वर केली. दंडावर निळा डाग होता.

"कुठे आपटलं आठवत नाही. माझंही एकदा रक्त बघा की."

त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर तिचा हात ठेवला आणि रक्त काढलं. जुन्या सवयीने एक थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेने ओढून पातळ थर केला, कडेला पेन्सिलीने 'घर' लिहिलं आणि काच वाळवून कागदात गुंडाळली. ती म्हणाली, "काही कळलंसुद्धा नाही. इतकी वर्षं हा फायदा बाहेरच्यांनाच."

त्या दिवशी लॅबमध्ये शिरताच मॅनेजरने त्याला बोलावलं. शनिवारी दोन लेबलं उलटसुलट लागली होती. अहवाल बाहेर जाण्याआधीच ते लक्षात आलं होतं, तरी त्याला सगळ्यांसमोर उभं करून जबाब लिहून घेतला. मॅनेजर त्याच्या पुतण्याच्या वयाचा होता. "काका, झेपत नसेल तर सांगा," तो म्हणाला, "बसून करायचं काम देतो." दोघे-तिघे हसले. याच माणसाकडे पाच मिनिटांनी घरच्या सॅम्पलची परवानगी मागायला जायचं होतं. तो गेला नाही. पाहुणे आले होते. अर्धा तास तो बाथरूममध्ये फरशा मोजत बसला, आणि बाहेर आला तेव्हा भिंतीवर सतरा ओळी लाल झाल्या होत्या.

नळी एप्रनच्या खिशात राहिली. तिसऱ्या दिवशी एप्रन धुवायला टाकताना हाताला लागली. तोवर रक्त कामातून गेलं होतं. त्याने ती कचऱ्याच्या लाल डब्यात टाकली. काच मात्र लॅबमधल्या त्याच्या कपाटात होती, ती तशीच राहिली.

पुन्हा रक्त काढायचं म्हणजे विसरलो हे सांगायचं. त्या आठवड्यात आणखी एक चूक कबूल करायची त्याच्यात ताकद नव्हती. तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं, "काय आलं माझं?"

"ठीक आहे सगळं."

"हिमोग्लोबिन?"

"बारा."

आकडा तोंडातून इतका सहज निघाला की क्षणभर त्यालाही तो खरा वाटला. ती "बरं" म्हणाली आणि पुढची घडी घातली.

*

दवाखान्यात ती एकोणीस दिवस होती. डॉक्टरबाईंनी लिहिलेली ओळ तिच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर होती आणि प्रत्येक नवा डॉक्टर ती वाचायचा. नोकरीच्या गावाहून मुलगी धावत आली होती. मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समजावलं की अडीच महिन्यांपूर्वी सगळं नीट होतं, म्हणजे आजार फार वेगाने आलाय, तुम्ही तरी काय करणार होतात. मुलीने मान हलवली. बाहेर आल्यावर मात्र ती म्हणाली, "बाबा, तो जुना रिपोर्ट आणा. फाइलला लावू."

लॅबमध्ये असेल, बघतो, असं तो म्हणाला. दोन दिवसांनी तिने आईच्या उशाशी बसून पुन्हा विचारलं. तेव्हा आईने डोळे न उघडताच म्हटलं, "असू दे गं. त्यांना आता कशाला."

चौदाव्या दिवशी त्याला राहवलं नाही. मोठे डॉक्टर एकटे सापडले तेव्हा त्याने धीर करून विचारलं, दोन महिने आधी कळलं असतं तर काही फरक पडला असता का.

डॉक्टर थांबले. "पण दोन महिन्यांपूर्वी नॉर्मलच होतं ना?"

"हो," तो म्हणाला.

"मग झालं तर," असं म्हणून डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी, नर्स चादर बदलत असताना, ती गेली.

*

त्यानंतर पाहुणे आले नाहीत. त्याने दोन-तीन आठवडे वाट पाहिली. लेबल तो एकदाच वाचायचा. फ्रिजचं दार बघायला परत यायचा नाही. भिंतीवरच्या लाल ओळींशी त्याचं काही देणंघेणं उरलं नाही, आणि गंमत म्हणजे त्याच महिन्यात त्याचं काम सगळ्यांत जलद झालं. मॅनेजरने त्याच्यासाठी पाठ टेकायची खुर्ची आणली. काका सावरताहेत, असं सगळे आपापसांत म्हणायला लागले.

पाचव्या महिन्यात त्याने खणातला राजीनामा काढला, तारीख घातली, सही केली. हात कापला नाही. डॉक्टरबाईंनी कागद दोनदा वाचला.

"अक्षर तुमचं नाही."

"बायकोचं आहे."

बाईंनी कागदाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाल्या की घरी बसून काय करणार, इथे निदान मन रमेल. मन रमवायचं नाहीये, असं तो म्हणाला. शेवटच्या दिवशी त्याने कपाट रिकामं केलं. एप्रन, चष्म्याची जुनी फ्रेम, लाल पेन, रंगाची अर्धी बाटली आणि कागदात गुंडाळलेली काच. निघताना बाईंनी सांगितलं की कधीही या, सूक्ष्मदर्शक तुमचाच आहे.

त्याच शनिवारी मुलगी आईचे कपडे आवरायला आली. कपडे झाले, मग तिने स्वयंपाकघरातला खण ओढला आणि सगळे कागद टेबलावर मांडले. लाल रेघांचे सव्वीस वर्षांचे कागद. एकेक उलटून झाल्यावर ती म्हणाली, "यात आईचा नाही."

"सापडेल कुठेतरी."

"बाबा."

तो टेबलावरचे कागद पुन्हा चाळायला लागला.

"नव्हताच ना?"

"नळी खिशात राहिली," तो म्हणाला. "मी लावलीच नाही. बारा हा आकडा मी मनानेच सांगितला."

ती रडेल किंवा ओरडेल असं त्याला वाटलं होतं. तिने कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या.

"आईला माहीत होतं. त्याच आठवड्यात फोनवर मला म्हणाली, ह्यांनी कागद आणला नाही, म्हणजे रक्त लावलंच नाही. मी म्हटलं, मी विचारते बाबांना. तर म्हणाली, आत्ता नको, त्यांच्याकडे पाहुणे आहेत. ते गेले की मी पुन्हा देईन."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

"अडीच महिने वाट बघितली तिने," मुलगी म्हणाली. "मग रांगेत जाऊन बसली. मीही गप्प राहिले, ते माझं मी बघेन. पण मी सारखी रिपोर्ट मागत होते तो कागदासाठी नव्हे. तुम्ही एकदा आपणहून म्हणाल म्हणून."

"आता म्हणालो ना."

"आता मी म्हणवून घेतलं."

तो उठला, पिशवीतून कागदाची पुडी आणली आणि तिच्यासमोर सोडली. ती काच तिने दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली. काचेवर फिकट तपकिरी थर होता, टोकाला जिभेसारखा निमुळता झालेला, आणि कडेला पेन्सिलीने 'घर'.

"त्या दिवशीची?"

"हो."

"यात काय कळेल?"

"तेव्हा आजार होता की नव्हता, ते."

"आणि तुम्ही बघितलं नाहीत."

त्याने मानेनेच नाही म्हटलं. बघू की नको, असं त्याने तिला विचारलं. तिने काच पुन्हा कागदात गुंडाळली, खणात ठेवली, वर लाल रेघांचे कागद ठेवले आणि खण लोटला. दुपारच्या गाडीने ती गेली. पोचल्यावर तिने फोन केला नाही.

जुन्या काचेवर रंग नीट बसत नाही, थोडं निळसर पडतं, पण पेशी ओळखू येतात. दोन मिनिटं रंग, आठ मिनिटं पाणी. रंगाची बाटली त्याच्याकडे आहे, आणि बाईंचं दार उघडं आहे. काच अजून रंगवलेली नाही.